डॉल्फिनची डेव्हलपमेंट बिल्ड वापरताना

डॉल्फिन म्हणजे गेमक्यूब आणि वी या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारा एम्युलेटर, आणि डेव्हलपमेंट बिल्ड म्हणजे त्याची अजून घडत असलेली ताजी आवृत्ती. नवी बिल्ड जुन्या फोल्डरवर कधीच एक्स्ट्रॅक्ट करू नका. जुन्या-नव्या फाइल्सची सरमिसळ झाली की बिघाड कशाचा ते कळत नाही. झिपसारख्या फाइल उघडणाऱ्या सेव्हन-झिप प्रोग्रामने ती वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा आणि डॉल्फिनच्या ईएक्सई फाइलशेजारी ‘पोर्टेबल’ नावाची (इंग्रजी अक्षरांत) रिकामी टेक्स्ट फाइल ठेवा. मग सेटिंग्ज, सेव्ह सगळं त्याच फोल्डरमधल्या ‘यूजर’मध्ये राहतं, स्थिर आवृत्तीला धक्का लागत नाही. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा शेवटचा भाग, इथे टीएक्सटी) लपवत असेल तर नावात टीएक्सटी दोनदा येतं आणि फाइल निकामी ठरते. इथेच बहुतेक जण अडकतात.

सेव्ह स्टेटवर, म्हणजे गेम आहे त्या क्षणी गोठवून ठेवणाऱ्या एम्युलेटरच्या सोयीवर, विसंबू नका. ती एम्युलेटरच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत असते, त्यामुळे बिल्ड बदलली की बहुधा उघडत नाही. बदलण्याआधी गेमच्या आतूनच सेव्ह करा. मेमरी कार्डावरचं सेव्ह चालतं. सुरुवातीला गेम थोडा अडखळेल, कारण शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होतात.

कालपर्यंत चालणारा गेम बिघडला तर चांगल्या आणि बिघडलेल्या बिल्डच्या बरोबर मधली तपासा, मग उरलेल्या अर्ध्याची मधली. शंभर बिल्ड असल्या तरी सात चाचण्यांत दोषी सापडते. तक्रार नोंदवताना त्या बिल्डचा पूर्ण क्रमांक द्या, नुसतं ‘लेटेस्ट’ लिहून उपयोग नाही.