पैठणी चोरीला गेल्यावर (आणि त्याआधीही) या चुका टाळा

लग्नसराईत येवल्याच्या कुठल्याही पैठणीच्या दुकानात डोकावा. गादीवर वीस-पंचवीस साड्या उलगडलेल्या, तीन पिढ्यांच्या बायका एकाच वेळी पदर बघतायत आणि घड्या घालणारा पोरगा एकटाच. साडी जाते ती याच गर्दीत. पण खरी पंचाईत पुढे होते. तीच साडी महिनाभरानं दुसऱ्या शहरात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत विकायला दिसते आणि ती आपलीच, हे विकणाऱ्याला सिद्ध करता येत नाही.

लेबलाच्या भरवशावर राहणं

सिल्क मार्क रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, मालक कोण ते नाही. पैठणीला 2010 मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ‘पैठणी’ या नावाचं रक्षण करतं, तुमच्या नगाचं नाही. शिवाय लेबल कापायला कात्री पुरते. पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असली की साडी हातमागाची, एवढंच कळतं.

ओळख पटते ती विणीतल्या बारीकसारीक गोष्टींवरून. एखाद्या मुनियेच्या (नक्षीतल्या छोट्या पक्ष्याच्या) चोचीला वेगळा रंग लागलेला असतो, काठातली एखादी बुट्टी धागाभर सरकलेली असते. गिऱ्हाइकापासून आपण जे लपवतो, तेच इथे कामाला येतं. घडी घालण्याआधी पूर्ण पदर, काठाचा कोपरा आणि उलटी बाजू यांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटो स्वतःलाच ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. विणकराला सांगून साडीच्या आतल्या टोकाला दोन रंगांच्या धाग्यांची छोटी खूण टाकून घेतली तर फारच उत्तम.

‘एक जांभळी पैठणी गेली’ अशी तक्रार

अशा जांभळ्या पैठण्या गावात शेकड्यांनी असतील. रंग, काठ, पदराची नक्षी, विणकराचं नाव, खरेदीची पावती, विणीतली खूण हे सगळं फिर्यादीत यायला हवं. किंमतही पुराव्यासह लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालची साधी चोरी 5,000 रुपयांपेक्षा कमी मालाची असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिस तपास करू शकत नाहीत. पैठणीच्या पर्स, बटवे विकणाऱ्यांना हा नियम नेमका आडवा येतो. मात्र माल ठेवण्याच्या इमारतीतून किंवा तंबूतून चोरी झाली तर कलम 305 लागू शकतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. म्हणून माल नेमका कुठून गेला ते स्पष्ट लिहा.

‘पसंतीला नेतो’ म्हणून नेलेला माल परत आलाच नाही, तर ती बहुधा चोरी नव्हे, कलम 316 खालचा विश्वासघात. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून माल नेल्याची चिठ्ठी कशी मागायची, हा संकोच इथे महागात पडतो.

जाहिरात दिसताच विक्रेत्याला फोन

आपला माल ऑनलाइन दिसला की रक्त तापतं, साहजिक आहे. पण फोन केलात की जाहिरात गायब होते. आधी स्क्रीनशॉट घ्या, लिंक आणि विक्रेत्याचं नाव टिपून ठेवा आणि पोलिसांना द्या. मग त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यानं 48 तासांत पोच द्यायची असते. स्वतः गिऱ्हाईक बनून साडी सोडवून आणायला जाऊ नका.

स्वस्तात मिळते म्हणून घेणं

हे दुकानदारांसाठी. पावती नाही, विणकर माहीत नाही आणि भाव निम्मा, तर घेऊ नका. चोरीच्या मालावर घेणाऱ्याची मालकी सहसा येत नाही. साडी जाते, पैसे बुडतात. चोरीची आहे हे ठाऊक असताना किंवा तसं मानायला सबळ कारण असताना घेतली, तर चोरीचा माल घेतल्याबद्दल कलम 317 आहेच.

मुद्देमाल पोलिस ठाण्यातच राहू देणं

साडी सापडली की अनेकजण निर्धास्त होतात. खटला रेंगाळतो, साडी ओलसर खोलीत पडून राहते, जरीचा धागा काळा पडतो आणि रेशीम घडीवर चिरतं. फोटो आणि पंचनामा करून माल खटला संपण्याआधीच परत देता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 497 मध्ये ती सोय आहे. वकिलामार्फत न्यायालयात लगेच अर्ज करा आणि साडी हातात येईपर्यंत ती सुती कापडात गुंडाळून ठेवायची विनंतीही त्यातच घाला.