टेसरॅक्ट सोर्समधून कसं बसवावं (आणि कॉन्फिगरच्या गप्प बसण्यावर विश्वास का ठेवू नये)

छापील मराठी पानाच्या स्कॅनमधून मजकूर काढायचा, तोही पैसे न मोजता आणि पानं कुणाच्या सर्व्हरवर न पाठवता, तर बहुतेक लोक शेवटी टेसरॅक्टपाशीच येतात. ह्युलेट-पॅकर्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडलेला हा ओसीआरचा (चित्रातली अक्षरं ओळखण्याचा) प्रोग्राम २००५ मध्ये ओपन सोर्स झाला, २००६ पासून २०१८ पर्यंत गूगलनं तो वाढवला. आवृत्ती ५ नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस आली.

सोर्समधून, म्हणजे मूळ कोड स्वतः कंपायल करून, बांधायची तुम्हाला खरंच गरज आहे का, हे आधी बघा. उबुंटू २४.०४ वर असाल तर ‘आप्ट’ या पॅकेज बसवणाऱ्या कमांडनं टेसरॅक्ट आणि त्याचं मराठी पॅकेज बसवा. आवृत्ती ५ मिळेल, हा लेख इथेच सोडा. उबुंटू २२.०४ किंवा डेबियन ११ वर मात्र ‘आप्ट’ ४.१.१ देतं. आणि कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या सामायिक सर्व्हरवर रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड तुमच्याकडे नसतोच. पुढचं सगळं या दोन प्रकारच्या लोकांसाठी.

कमांड मी उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाका.

तयारी

सी++१७ समजणारा कंपायलर, मेक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, बसवलेल्या लायब्ररी कुठे आहेत ते सांगणारं पीकेजी-कॉन्फिग आणि सोर्स उतरवणारं गिट. याबद्दल आणखी काही सांगायची गरज नसावी.

सोर्स आणणं

गिट क्लोन करा, पण मेन शाखा नको. प्रकाशित आवृत्तीचा टॅग घ्या. मेन शाखेवर आज काय अर्धवट आहे ते तुम्हाला माहीत नसतं. क्लोन केलेल्या सोर्समध्ये ‘कॉन्फिगर’ नावाची, मशिन तपासून बांधणीची तयारी करणारी फाइलच नसते, ती ‘ऑटोजेन’ स्क्रिप्ट चालवल्यावर तयार होते. ‘फाइल सापडत नाही’ म्हणून इथेच अडकलेले पुष्कळ लोक बघितलेत.

कुठे बसवायचं ते आता ठरवा

होम फोल्डरमध्ये एक वेगळा फोल्डर करा, समजा ‘ओसीआर५’, आणि प्रत्येक कॉन्फिगरला ‘प्रीफिक्स’ म्हणून त्याचा पूर्ण पत्ता द्या. रूट असलं तरी मी हेच करतो. सगळं एका फोल्डरात राहतं. नको झालं की फोल्डर उडवला, संपलं. थेट ‘यूएसआर-लोकल’मध्ये ओतलेलं परत गोळा करायला ‘मेक अनइन्स्टॉल’ लागतं, आणि तोवर बांधणीचा मूळ फोल्डर तुम्ही डिलीट केलेला असतो.

लेप्टोनिका: खरी अडचण इथे आहे

चित्राची फाइल उघडणं आणि पान स्वच्छ करणं ही कामं टेसरॅक्ट लेप्टोनिका नावाच्या लायब्ररीकडे सोपवतो. १.७४ किंवा पुढची आवृत्ती लागते. रूट असेल तर लेप्टोनिकाचं डेव्हलपमेंट पॅकेज ‘आप्ट’नं घ्या; उबुंटू २२.०४ मधलं पुरेसं नवीन आहे. तिथेही लेप्टोनिका सोर्समधून बांधायला सांगणारे लेख इंटरनेटवर भरपूर आहेत. ते जुन्या काळचे आहेत, बाजूला ठेवा. रूट नसेल तर मात्र बांधावीच लागते, आणि याच पायरीनं माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्लाय.

घोळ कसा होतो ते समजून घ्या. लेप्टोनिका स्वतः पीएनजी, जेपेग किंवा टिफ वाचत नाही. त्यासाठी ती त्या त्या प्रकाराच्या लायब्ररीवर अवलंबून असते. कॉन्फिगर ही तशी साधी शेल स्क्रिप्ट. ती छोटे छोटे सी प्रोग्राम लिहून कंपायल करून बघते, पीकेजी-कॉन्फिगला विचारते, आणि अमुक लायब्ररी आहे की नाही ते ठरवते. पीएनजीची लायब्ररी नाही मिळाली, तर? काहीच होत नाही. शेकडो ओळींमध्ये कुठेतरी एक ‘नो’ छापला जातो आणि गाडी पुढे जाते. मेक होतं, इन्स्टॉल होतं, त्यावर टेसरॅक्टही बिनतक्रार बांधला जातो. मग तुम्ही पहिलं पान देता आणि ‘पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट’ असा संदेश येतो. चूक टेसरॅक्टमध्ये आहे असं वाटतं, तुम्ही टेसरॅक्ट पुन्हा बांधता, संदेश तोच. पुन्हा बांधता, पुन्हा तोच. कारण दोष एक मजला खाली आहे: लेप्टोनिकात त्या नावाचं फंक्शन आहे, पण आत नुसता पोकळ डबा.

‘पण माझ्या मशिनवर पीएनजी तर उघडतं!’ हो, उघडतं. प्रोग्राम चालवायला लायब्ररीची तयार फाइल पुरते. नवीन प्रोग्राम बांधायला हेडर फायली (लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत ते कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि डेबियन-उबुंटूत त्या ‘-डेव्ह’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. फेडोरात तेच ‘-डेव्हेल’. लिबपीएनजी, लिबजेपेग, लिबटिफ आणि झेडलिब या चौघांची डेव्ह पॅकेजं हवीत. रूट नसेल तर अ‍ॅडमिनला मेल टाका. ही निरुपद्रवी पॅकेजं आहेत, सहसा कुणी नाही म्हणत नाही. म्हणालाच, तर आधी झेडलिब, मग लिबपीएनजी त्याच प्रीफिक्समध्ये बांधा. क्रम उलटा चालत नाही, पीएनजीला झेडलिब लागतं.

आता मुख्य उपाय. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरला हवं ते ठणकावून मागा: ‘--विथ-लिबपीएनजी’, ‘--विथ-जेपेग’, ‘--विथ-लिबटिफ’, ‘--विथ-झेडलिब’. ‘हेल्प’मध्ये तुम्हाला फक्त ‘विदाउट’ची रूपं दिसतील, त्यामुळे ‘विथ’ही चालतं हे बऱ्याच जणांना कळत नाही. फरक मोठा आहे. काही न मागता सोडलं, तर लायब्ररी नसल्यास कॉन्फिगर गुपचूप वगळतं. मागितली आणि मिळाली नाही, तर तिथेच एरर देऊन थांबतं. मला थांबणारं कॉन्फिगर हवं असतं. आत्ता थांबलेलं बरं. नंतर निम्म्या रात्री शोधत बसायचं नाही.

तरीही डोळ्यांनी खात्री करा. कॉन्फिगर संपल्यावर त्याच फोल्डरात ‘कॉन्फिग_ऑटो’ नावाची हेडर फाइल तयार होते. तिच्यात ‘हॅव्ह_लिब’ शोधा. ज्या ओळीत ‘डिफाइन’ आणि शेवटी १ आहे ती लायब्ररी मिळाली. ‘अनडेफ’ लिहून कॉमेंटमध्ये टाकलेली ओळ म्हणजे मिळाली नाही. का नाही मिळाली याचं उत्तर ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये असतं. फाइल लांबलचक असते, पण सगळी वाचायची नाही. लायब्ररीचं नाव शोधा आणि त्याच्या आसपासचा कंपायलरचा मूळ संदेश वाचा. स्क्रीनवरची शेवटची ओळ कॉपी करून ‘हेल्प प्लीज’ विचारणाऱ्यांना मी एकच उत्तर देतो: लॉग दाखव.

आणि एक. डेव्ह पॅकेज नंतर बसवलं आणि नुसतं ‘मेक’ पुन्हा चालवलं, तर उपयोग शून्य. निर्णय कॉन्फिगरच्या वेळी लिहून झालेला असतो. ‘मेक डिस्टक्लीन’ करून कॉन्फिगरपासून सुरुवात करा. माझं मत विचाराल तर अख्खा फोल्डर उडवून सोर्स पुन्हा काढा. दोन मिनिटं जातात आणि जुना कचरा मागे राहत नाही.

टेसरॅक्टला तुमची लेप्टोनिका दाखवणं

टेसरॅक्टचं कॉन्फिगर लेप्टोनिकाबद्दल पीकेजी-कॉन्फिगला विचारतं, आणि पीकेजी-कॉन्फिगला तुमच्या होम फोल्डरातलं काही ठाऊक नसतं. मग संदेश येतो: लेप्टोनिका १.७४ किंवा पुढची हवी, डेव्हलपमेंट पॅकेज बसवून बघा. आत्ताच स्वतः बांधली असेल तर हा सल्ला ऐकू नका. ऐकलात, तर मशिनवर दोन लेप्टोनिका होतील. एकीच्या हेडरवर कंपायल होईल, दुसरीची लायब्ररी चालताना उचलली जाईल, आणि त्यातून निघणारे क्रॅश कुणालाही समजावून सांगता येत नाहीत.

त्याऐवजी ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’ या व्हेरिएबलमध्ये तुमच्या प्रीफिक्समधल्या ‘लिब/पीकेजीकॉन्फिग’चा पत्ता टाका आणि तो एक्स्पोर्ट करा. मग पीकेजी-कॉन्फिगला ‘लेप्ट’ची आवृत्ती विचारा. पॅकेजचं नाव ‘लेप्ट’ आहे, ‘लेप्टोनिका’ नाही. तुम्ही बांधलेली आवृत्ती छापून आली तरच पुढे जा.

कॉन्फिगर चालवताना ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये आर-पाथ म्हणून प्रीफिक्समधला ‘लिब’ फोल्डर द्या. त्यामुळे लायब्ररी कुठे शोधायची ते प्रोग्राममध्येच लिहिलं जातं. ‘एलडी_लायब्ररी_पाथ’ बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत) कायमचं टाकायचा सल्ला सगळीकडे दिसतो; मी तो देणार नाही. त्या व्हेरिएबलचा परिणाम तुमच्या प्रत्येक प्रोग्रामवर होतो, आणि उद्या भलताच प्रोग्राम बंद पडला की कारण सापडत नाही. त्याहून वाईट सल्ला म्हणजे एका आवृत्तीच्या ‘एसओ’ फाइलला, म्हणजे लायब्ररीच्या तयार फाइलला, दुसऱ्या आवृत्तीच्या नावाची सिमलिंक (नुसता दुवा) करणं. नावातला आकडा बदलतो तो आतली रचना बदलली म्हणूनच.

शेवटी ‘ट्रेनिंग टूल्स बांधता येणार नाहीत’ अशी सूचना दिसेल. दुर्लक्ष करा; पॅन्गो, कैरो आणि आयसीयू या लायब्ररी फक्त स्वतःचं मॉडेल शिकवायचं असेल तरच लागतात.

मेक

‘मेक -जे’ पुढे आकडा द्याच. आकडा न देता सोडलं तर एकाच वेळी वाट्टेल तितके कंपायलर सुरू होतात आणि कमी मेमरीच्या सर्व्हरवर ‘किल्ड’ असा शब्द येऊन सगळं थांबतं. तो कोडमधला दोष नाही, मेमरी संपली. आकडा दोनवर आणा किंवा एकावर.

इन्स्टॉल

‘मेक इन्स्टॉल’. होम फोल्डर असल्यामुळे सुडो (रूटच्या अधिकारानं चालवणारी कमांड) नको. कुणी ऐकलंच नाही आणि ‘यूएसआर-लोकल’मध्ये बसवलं, तर त्यानंतर सुडोनं ‘एलडीकॉन्फिग’ चालवा, नाहीतर ‘शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही’ म्हणून पहिल्याच वेळी अडेल.

मग प्रीफिक्समधला ‘बिन’ फोल्डर पाथमध्ये (प्रोग्राम जिथे शोधले जातात त्या यादीत) सगळ्यात पुढे घाला. जुना टेसरॅक्ट आधी त्याच टर्मिनलमध्ये चालवला असेल तर बॅशला त्याचाच पत्ता आठवत असतो. ‘हॅश -आर’ केलं की विसरतो.

आता ‘टेसरॅक्ट --व्हर्जन’. पहिली ओळ बघून खूश होऊ नका, खालच्या ओळी बघा. तिथे लेप्टोनिकाची आवृत्ती आणि तिच्यासोबत जोडलेल्या लायब्ररींची यादी असते: लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब. ज्याचं नाव नाही त्या प्रकारचं चित्र उघडणार नाही. यादीत काही कमी दिसलं तर लेप्टोनिकाच्या पायरीवर परत जा. कुठली लेप्टोनिका उचलली जातेय हे ‘एलडीडी’ कमांड सांगते. पत्ता तुमच्या प्रीफिक्समधला हवा.

मराठीचा डेटा

‘मेक इन्स्टॉल’ भाषांचा डेटा आणत नाही. तो गिटहबवर टेसरॅक्टच्याच खात्यात तीन ठिकाणी असतो: टेसडेटा, टेसडेटा_फास्ट आणि टेसडेटा_बेस्ट. मराठीची फाइल ‘एमएआर.ट्रेनडडेटा’. फास्ट नावाप्रमाणे जलद; बेस्ट हळू, पण पुढे स्वतःच्या नमुन्यांवर आणखी शिकवायचं असेल तर बेस्टच लागतं. जुन्या छपाईसाठी मी बेस्ट वापरतो, वेळ लागला तर लागू दे. सोबत इंग्रजीची आणि पानाची दिशा व लिपी ओळखणारी ‘ओएसडी’ची फाइल घ्या. फायली प्रीफिक्समधल्या ‘शेअर/टेसडेटा’मध्ये ठेवा.

डाउनलोड झाल्यावर फाइलचा आकार बघा. गिटहबच्या पानावर राइट क्लिक करून सेव्ह केलं की बऱ्याचदा डेटाऐवजी ते वेबपान उतरतं. ‘फाइल’ कमांडनं एचटीएमएल म्हटलं तर ‘रॉ’ लिंकवरून पुन्हा उतरवा.

‘टेसडेटा_प्रीफिक्स’ हे व्हेरिएबल शक्यतो सेटच करू नका. बांधताना दिलेला पत्ता प्रोग्रामला माहीत असतो. पूर्वी कधी बॅशआरसीत टाकलं असेल तर काढा, नाहीतर नवा प्रोग्राम जुना डेटा शोधत बसेल. टाकायचंच असेल तर थेट ‘टेसडेटा’ फोल्डरचा पत्ता द्या. त्याच्या वरच्या फोल्डरचा द्या असं सांगणारे लेख आवृत्ती ३ च्या काळातले आहेत.

‘--लिस्ट-लँग्ज’नं ‘एमएआर’ दाखवलं की एक पान घ्या, ३०० डीपीआयवर स्कॅन केलेलं, आणि भाषा म्हणून ‘एमएआर+ईएनजी’ देऊन चालवा. आपल्या छापील मजकुरात इंग्रजी शब्द असतातच. एकाच रकान्याचं साधं पान असेल तर ‘--पीएसएम ६’ (अख्खं पान मजकुराचा एकच ठोकळा धरा) देऊन बघा. वर्तमानपत्राच्या कात्रणाला ते देऊ नका, रकाने एकमेकांत मिसळतात.

पुढची आवृत्ती आली की ती ‘ओसीआर५’वर ओतू नका. नव्या नावाचा प्रीफिक्स करा, दोन्हींतून तीच पानं काढून ‘डिफ’नं तुलना करा, आणि नव्याचा निकाल पटला तर पाथमधली ओळ बदला.