सायकल चोराला नकोशी करायचा जुगाड

मागच्या वर्षी माझी गिअरवाली सायकल गेली. घेऊन आठ महिने पण झाले नव्हते, लाल चकचकीत फ्रेम, वर हे मोठं कंपनीचं नाव, स्टेशनबाहेर लावून मी मुंबईहून येणाऱ्या काकांना घ्यायला आत गेलो, गाडी नेहमीसारखी लेट, बाहेर येऊन बघतो तर लॉकसकट पुढचं चाक खांबाला आणि बाकी सायकल गायब. आणि शेजारी कुणा मच्छीवाल्याची काळी जुनी सायकल, कॅरियरला टोपली बांधलेली, लॉक नाहीच, ती आपली तशीच उभी. काका म्हणाले, "बघ, ती कोण नेणार?" झालं, तिथेच डोक्यात बसलं.

आता दुसरी घेतलीय आणि ती अशी करून ठेवलीय की शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, आमच्या बाबूची सायकल पडून आहे ती देऊ काय तुला. तर कसं केलं ते सांगतो.

पहिलं काम घाण करायचं नाही, फोटो काढायचं. सायकल उलटी करा, जिथे पायडलची दांडी फ्रेममधून आरपार जाते त्या नळीच्या खाली बहुतेक सायकलींना नंबर ठोकलेला असतो, त्याचा स्पष्ट फोटो, बिलाचा फोटो, आणि सायकलचे आधीचे नंतरचे दोन्ही फोटो. नाहीतर उद्या चोरीला गेलीच तर तक्रारीत लाल सायकल लिहाल आणि सापडेल ती गंजकी, मग सिद्ध करत बसा. हा नंबर रंगाखाली किंवा टेपखाली अजिबात झाकू नका.

मग नाव झाकायचं. चोर आधी नाव आणि गिअर बघतो. फ्रेमवरचे स्टिकर निघत असतील तर ड्रायरची गरम हवा मारून काढा, नसतील निघत तर त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळा. पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबा फुकट मिळतात. दोन बोटं रुंद पट्टी कापायची आणि खालून वर गुंडाळत जायची, वरून खाली नाही, म्हणजे कौलं कशी लावतो तसं वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी घरंगळून जातं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा, लोखंडी फ्रेमवर पट्टीच्या आत पाणी अडकलं तर खोटा गंज राहिला बाजूला, खराच लागेल. दसऱ्याच्या आसपास एकदा सगळं सोडून, पुसून, परत गुंडाळायचं. गिअरवरची नावं काळ्या परमनंट मार्करने घालवा, पाच मिनिटांचं काम.

आता गंज. यासाठी लोक काय काय स्प्रे आणतात, काही गरज नाही, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू घरात असतोच. गेरू म्हणजे मुळात लोखंडाचा ऑक्साईडच, आपला जांभा दगड लाल दिसतो तोही त्याचमुळे, त्यामुळे रंग गंजासारखा नाही तर गंजाचाच येतो. पहिल्यांदा मी साध्या पांढऱ्या गममध्ये कालवला होता, पहिल्या पावसात सगळा उतरला तो थेट माझ्या पांढऱ्या पँटवर, आईने दोन दिवस ऐकवलं. लाकूड चिकटवायचा वॉटरप्रूफ गम घ्या. दोन चमचे गम, एक चमचा गेरू, चिमूटभर काजळी किंवा कोळशाची पूड, नाहीतर रंग फार भगवा दिसतो. ब्रश नको, नारळाच्या सोडणाचा एक तुकडा घ्या, काथ्या थोडा पिंजून घ्या आणि त्याने टिपत जा. कडा फाटक्या येतात, अगदी खऱ्यासारख्या.

पण कुठे टिपायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. सगळीकडे सारखे ठिपके मारले तर सायकलला कांजण्या आल्यासारख्या दिसतात, चोर काय लहान मूल नाही. खरा गंज सुरू होतो स्क्रूच्या डोक्यापासून, नळ्यांच्या जोडापासून, सीटच्या क्लॅम्पखालून, जिथे रंग खरवडला जातो तिथून, आणि मग खाली ओघळतो. तेव्हा जोडावर दाट, खाली एक दोन ओघळ, बस. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर तिला लाल गंज चढतच नाही, खाऱ्या हवेत पांढरी पूड धरते, म्हणून तिथे गेरू फक्त नटबोल्टांच्या आजूबाजूला आणि बाकी पांढऱ्या रंगाचा हलका हात. कार्बन फ्रेम असेल तर घासू बिसू नका, नुसतं गुंडाळा. पुढेमागे विकायची असेल तर आधी पारदर्शक फिल्म चिकटवा आणि वरून हे सगळं करा, फिल्म काढली की आत नवी.

चेन, ब्रेक, डिस्क, रिम, रिफ्लेक्टर यांना हात लावायचा नाही. हायवेवर रात्री ट्रकवाल्याला तुम्ही दिसला पाहिजे. चेन वेळच्या वेळी पुसून तेल घाला, दिसायला भंगार आणि चालायला लोणी.

होडीचा रंग मिळाला तर मजाच. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून रंगवतात, मिरकरवाडा बंदरावर ओळखीत कुणाला विचारा, डब्याच्या तळाशी निळा हिरवा उरलेला असतोच. एका मडगार्डला तो फासला, एकच हं, दुसरा तसाच. दोन्ही ग्रिप वेगवेगळ्या. चांगल्या सीटवर जुनं फाटकं कव्हर आणि त्यावर तांदळाची पिशवी सुतळीने. ओझी वाहणाऱ्या माणसाची सायकल वाटली पाहिजे, हौशी माणसाची नाही.

एकाने सल्ला दिला होता कॅरियरला सुक्या बोंबलाची पिशवी बांध, वासाने कोण जवळ येणार नाही. चोर नाही आला, तीन मांजरं आली.

चाक आणि सीट हाताने झटकन सुटतात ते क्विक रिलीज खटके काढून साधे बोल्ट बसवा, माझं चाक त्या खटक्यामुळेच सुटलं होतं. बोल्ट ॲलन कीचा, म्हणजे षटकोनी पान्याचा असेल तर त्याच्या पाच एमएमच्या भोकात पुढच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला छर्रा, साधारण पावणेपाच एमएमचा असतो, बरोबर जातो. तो आत टाकून वरून मेणबत्तीचं मेण सोडा, त्यावर गेरूचा ठिपका. दहा सेकंदात बोल्ट काढणारा माणूस तिथे पाच मिनिटं खिळा घेऊन उकरत बसेल, आणि रस्त्यावर पाच मिनिटं कोण बसतो. स्वतःला काढायचं तर सुईने मेण उकरा आणि लोहचुंबक लावा.

लॉक चांगलंच लागतं, फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही धरून, हलणार नाही अशा गोष्टीला. फक्त गंजक्या सायकलला नवंकोरं यू लॉक दिसलं की हुशार माणसाला लगेच कळतं काहीतरी गडबड आहे, म्हणून लॉकवर पण ट्यूब चढवा. आणि शक्य असेल तर कुणाच्या तरी चकचकीत सायकलशेजारी लावा, पाप लागेल तर लागेल.

शेवटचं, घरच्यांना नीट सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात कामावरून आलो तर गेटवर भंगारवाला, त्याच्या हातगाडीला टेकवलेली माझी सायकल, आणि आई त्याच्याशी हुज्जत घालतेय. मी ओरडत धावलो तर मलाच म्हणते, "थांब रे, दोनशे म्हणतोय, मी अडीचशेवर आणलाय त्याला."