इस्तंबूलला एकटे फिरताना: भीड सोडा आणि सुखरूप परत या

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव, सोलापूरहून जी मंडळी इस्तंबूलच्या कापड-यंत्रांच्या प्रदर्शनाला जातात, आणि विशेषतः जी एक-दोन दिवस जास्त राहून एकट्याने शहर बघतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझा रेपियर मागांच्या, म्हणजे बिनधोट्याच्या यंत्रमागांच्या, सुट्या भागांचा धंदा आहे. जून २०२४ मध्ये मी गेलो होतो आणि तिथल्या एका तळघरातून थोडक्यात वाचलो. घरी आल्यावर चार महिने कुणाला सांगितलं नाही. मग बाजारातला एक ओळखीचा बोलता बोलता म्हणाला की २०२२ च्या फेरीत त्याच्यावर अगदी हेच गुदरलं होतं. तो दोन वर्षं गप्प बसला होता. त्याने आधी तोंड उघडलं असतं तर मी तो जिना उतरलो नसतो. म्हणून मी सगळं सांगणार आहे.

प्रदर्शन भरतं ते त्युयाप केंद्र शहराच्या पश्चिम टोकाला. मेट्रोबस तिथूनच सुटते. मेजिदियेकोयला उतरायचं, खाली मेट्रो धरायची, की तकसीम चौक. तकसीमपासून त्युनेलपर्यंत जवळजवळ दीड किलोमीटरचा इस्तिकलाल रस्ता. मधोमध जुनी लाल ट्राम, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि माणसांचा पूर. हा रस्ता जरूर बघा. धोका तिथे नाही. तो बाजूला फुटणाऱ्या गल्ल्यांत आणि तिथल्या तळघरांत आहे.

हॉलमधून बाहेर पडलात की गळ्यातला बिल्ला काढून बॅगेत टाका. मी काढला नव्हता. त्यावर माझं नाव, फर्म आणि देश, सगळं ठळक अक्षरांत. ट्रामच्या रुळांजवळ फोटो काढत होतो तेव्हा एक चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस जवळ आला. वेळ विचारली. बिल्ल्याकडे बघून म्हणाला, "इंडिया! मीही प्रदर्शनालाच आलोय, इझमीरहून." सुताच्या भावावर दोन वाक्यं बोलला, शाहरुख खानचं नाव घेतलं. मग म्हणाला, "उद्या परत निघतोय, एकट्याने बसायचा कंटाळा आलाय, चल, चहा घेऊ. माझ्या माहितीतली जागा आहे."

इथेच ओळखायचं. तो स्वतःला परगावचा म्हणवतो, पण गल्लीतली जागा त्याला नेमकी ठाऊक असते. दोन्ही गोष्टी एकत्र ऐकू आल्या की पाय थांबवा. खात्री करायची असेल तर जागा तुम्ही ठरवा: "हे समोर रस्त्यावरचं दुकान आहे ना, इथेच बसू." खरोखर चहा प्यायला आलेला माणूस बसेल. ठग असेल तर काहीतरी कारण सांगून निघून जाईल.

मी हे केलं नाही, कारण मला भीड पडली. आपल्याकडे म्हणतात, भीड भिकेची बहीण. पन्नाशी उलटेपर्यंत ती म्हण मी उधारीच्या गिऱ्हाइकांना लावत आलो. परदेशात कुणी प्रेमाने बोललं की आपल्याला वाटतं, नाही कसं म्हणायचं, आपल्या देशाचं नाव खराब होईल. ही मंडळी नेमकी त्याच स्वभावावर जगतात. म्हणून नकाराची सवय घरूनच करून जा. 'हायर' म्हणजे नाही. 'इस्तेमियोरुम' म्हणजे मला नको. हे दोन शब्द पुरतात. म्हणताना चालत राहा आणि कारण देऊ नका. तुम्ही "हॉटेलवर जायचंय" म्हणालात की तो "मीही तिकडेच" म्हणतो. कारण दिलं की बोलणं सुरू राहतं.

याच भिडेवर चालणारा एक छोटा प्रकारही आहे. बूटपॉलिशवाला पुढून जाताना त्याचा ब्रश पडतो. तुम्ही उचलून देता, तो उपकार फेडायला म्हणून पॉलिश करायला बसतो, आणि मग पैसे मागतो. ब्रश पडला तर हाक मारा, वाकू नका.

आता तळघराबद्दल. गल्लीत वळलो, दार साधं होतं, आत जिना खाली जात होता. दाराशी दरपत्रक नव्हतं. तुर्कस्तानात खाण्यापिण्याच्या जागी ते लावावंच लागतं, त्यामुळे ते दिसलं नाही तर उंबरा ओलांडू नका. मी खाली गेलो. मंद लाल दिवा, मोठा आवाज. मी चहा म्हटलं, त्याने स्वतःसाठी बिअर मागवली. दोन मिनिटांत न बोलावता दोन बायका येऊन शेजारी बसल्या आणि मी काहीही न मागवता त्यांच्यापुढे पेले आले. बिलाला तिथे 'हेसाप' म्हणतात, आपल्या हिशेबाचाच तो भाऊ. शब्द कानाला ओळखीचा लागला आणि आकडा बघितला: ३८,४०० लिरा. तेव्हाच्या भावाने जवळजवळ एक लाख रुपये. इझमीरचा माणूस म्हणाला, "अर्धे मी देतो, अर्धे तू." जिन्याच्या तोंडाशी दोन दणकट माणसं येऊन उभी राहिली होती.

तुम्ही कधी इथवर पोचलातच, तर पुढचं नीट लक्षात ठेवा. मारामारी करू नका. जिन्याकडे धावू नका, तिथे दोघं उभे आहेत आणि वर कुणाला काही ऐकू जात नाही. आवाज चढवू नका. खिशातली रोकड टेबलावर ठेवा. माझ्याकडे २,२०० लिरा होते, ते ठेवले. आणि त्यांच्या मशीनवर कार्डाचा पिन दाबू नका. पिन तुम्ही स्वतः दाबलात की तो व्यवहार तुमच्या मर्जीचा नव्हता हे बँकेला पटवून देणं फार कठीण जातं. शांतपणे म्हणा, "एवढेच आहेत. बाकीचे एटीएममधून काढावे लागतील."

या एका वाक्याने मी वर आलो. त्यांना पैसे हवे असतात, आणि एटीएम रस्त्यावर असतं. तळघरातून उजेडात यायची वाट ते स्वतःच उघडतात. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक जण, दंडाला धरलेलं, लांबून बघणाऱ्याला तिघे मित्र चाललेत असंच वाटावं. गल्ली संपली, इस्तिकलाल आला, ट्रामची घंटा ऐकू आली. मी तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो.

बसायचं का, तर उभ्या माणसाला दोघं जण सहज पुढे रेटत नेतात. खाली बसलेल्याला फरफटत न्यावं लागतं, आणि भर गर्दीत कुणी फरफटवला जात असेल तर लोक थांबून बघतात. ओरडायचं 'इमदात!', म्हणजे वाचवा. मला तेव्हा तो शब्द ठाऊक नव्हता. मी "वाचवा, पोलीस, पोलीस!" असंच मराठीत ओरडलो, आणि 'पोलीस' सगळ्यांना कळलं. लाल गाडीवर सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, विकणारा एक म्हातारा हातातला चिमटा घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मागे पाच-सहा पोरं जमली. दंडावरचे हात सुटले. वळून बघेपर्यंत दोघं गल्लीत दिसेनासे झाले. त्या म्हाताऱ्याने मला पाणी दिलं आणि एक सिमित हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सुटल्यावर एकट्याने लगेच टॅक्सी करून हॉटेल गाठू नका, मागावर कुणी असू शकतं. गर्दीतच राहा. रस्त्याच्या साधारण मध्यावर गालातासराय शाळेचं मोठं दार आहे. मी गेलो तेव्हा त्या चौकात पोलीस होते, त्यांनीच मला मेट्रोपर्यंत सोडलं. कुठूनही फोन करायचा तर ११२. परदेशी प्रवाशांसाठी वेगळं पोलीस कार्यालय सुलतानअहमदला, येरेबातान रस्त्यावर आहे. कुठे नेलं होतं ती गल्ली, वेळ, माणसाचं वर्णन, सगळं त्याच रात्री कागदावर लिहून काढा. सकाळपर्यंत डोक्यातून बरंच निसटतं. पासपोर्ट गेला असेल तर इस्तंबूलमध्येच आपला वाणिज्य दूतावास आहे, अंकाऱ्याला जायची गरज नाही.

घरून निघण्याआधीची तयारी थोडकीच आहे, पण मला तिनेच वाचवलं. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत होता, खिशात फक्त झेरॉक्स. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू-बंद करता येतात आणि मर्यादाही घालता येते. ती मर्यादा दिवसाच्या खर्चाइतकीच ठेवा. दुसरं कार्ड बॅगेत, खिशात नको.

आणि आता आमच्या गटाने एक नियम केला आहे. कोण कुठेही असो, तिथल्या रात्री नऊला प्रत्येकाने व्हॉट्सॲपवर आपलं ठिकाण टाकायचं. सव्वानऊपर्यंत आलं नाही तर फोन. फोन उचलला नाही तर शेवटचं ठिकाण हातात घेऊन ११२.