अमेरिकेत शिकायला जाताय? "सीनियर म्हणाला" म्हणून या चुका करू नका

जून-जुलै आला की व्हॉट्सॲपवर 'फॉल'वाल्यांचे (म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सेमला अमेरिकेत जाणाऱ्यांचे) ग्रुप तुडुंब भरतात आणि त्यात एकच प्रश्न पन्नास वेळा येतो, कुकर किती लिटरचा न्यायचा. मीपण विचारला होता. तीन लिटरचा नेला, दोन रिंगा जास्तीच्या नेल्या, आणि कुकरने मला कधीच त्रास दिला नाही. त्रास झाला तो ग्रुपवर कोणी विचारतच नाही अशा गोष्टींचा.

मी सांगलीहून थेट न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला गेले. सीनियर लोकांनी एअरपोर्टवरून आणलं, हॉलमध्ये गादी टाकून दिली, पहिले चार दिवस जेवायलापण घातलं, त्यामुळे ते म्हणतील ती पूर्व दिशा. आणि घोळ इथेच होतो. घर कुठे बघायचं, भाजी कुठे स्वस्त, कोणता कोर्स जीव घेतो, यात सीनियर म्हणजे देव. पण व्हिसा, टॅक्स आणि नोकरीतलं त्यांना जे माहीत असतं ते त्यांच्या सीनियरने सांगितलेलं असतं, आणि त्याच्या वेळी कोणी पकडलं नाही एवढाच त्याचा पुरावा. त्यासाठी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात डीएसओ नावाचा, परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारा माणूस बसलेला असतो, फुकट, त्याला मेल टाका.

बॅग भरतानाच्या चुका

आई पेपरात गुंडाळून ओला कढीपत्ता देते. तो नेऊ नका. लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारी एक कीड कढीपत्त्यावर राहते, म्हणून बाहेरून आणायला तिकडे बंदी आहे. कस्टम्सवाल्याने खायचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा, चकली-लाडू-मसाला काय असेल ते सांगा, फार तर एखादी पिशवी काढून घेतील, पण नाही म्हणालात आणि सापडलं तर दंड. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस अजिबात नको, तिकडे ती अमली पदार्थात मोजतात.

आणि मिक्सर घरीच ठेवा. आपली वीज २३० व्होल्ट, तिकडची १२०, त्यामुळे आपला मिक्सर तिथे फिरण्याऐवजी नुसता कुंथतो. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना फक्त पिन बदलणारं ॲडॅप्टर लागतं.

वडिलांचं नाव

हा खास आपला प्रॉब्लेम. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. मग कुठे तुम्ही ओंकार, कुठे ओंकार रमेश, कुठे रमेश हे मिडल नेम, आणि सहा महिन्यांनी लायसन्स काढायला गेलं की खिडकीवरची बाई म्हणते ही दोन वेगळी माणसं आहेत. पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे, बँकेत, लीजवर (भाडेकरारावर), सोशल सिक्युरिटी नंबर काढताना. क्लासमध्ये मुलं काय हाक मारतात तो भाग वेगळा.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात आय-९४ (म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) डाउनलोड करून नीट वाचा. नाव, जन्मतारीख, आणि क्लास 'एफ-१'च (विद्यार्थी व्हिसा) आहे ना. चुकून टुरिस्टची नोंद पडल्याच्या केसेस होतात. चूक दिसली तर घाबरायचं काही नाही, डीएसओला सांगा, कस्टम्सच्या 'डिफर्ड इन्स्पेक्शन' ऑफिसातून दुरुस्त होते, फक्त तेव्हाच करून घ्या. फॉर्म भरताना तारखेत महिना आधी येतो हेपण लक्षात असू द्या, ०३/०८ म्हणजे तिकडे ८ मार्च.

क्लासला बसलो म्हणजे झालं, असं नाही

प्रोग्रॅम सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तुमची नोंद सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी सिस्टीम) डीएसओने करायची असते, आणि त्यासाठी तुम्ही चेक-इन करायचं असतं, कागद अपलोड करायचे असतात. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचा. पहिल्या महिन्यात आपण सीनियरच्या हॉलमधून टेम्पररी रूममध्ये आणि तिथून खऱ्या घरात असे तीन पत्ते बदलतो आणि सिस्टीमला पहिलाच माहीत असतो.

सगळ्यात महाग चूक म्हणजे कोर्स ड्रॉप करणं. मिडटर्ममध्ये आपटलं की सीनियर म्हणतो, अरे टाक ड्रॉप करून, पुढच्या सेमला घे. तुम्ही सिटिझन असता तर चाललं असतं. एफ-१ वर फुल-टाइम राहायलाच लागतं, अंडरग्रॅडला १२ क्रेडिट, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी ९, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एका सेमला एकच मोजला जातो. त्याखाली जायचं असेल, आजारपण असो की कोर्स खरंच झेपत नसो, तर आधी डीएसओची परवानगी आणि मग ड्रॉपचं बटण. उलटं केलंत तर विद्यार्थी म्हणून राहायचं स्टेटस गेलं. गेल्यावर रीइन्स्टेटमेंटचा (स्टेटस परत मिळवायचा) अर्ज करता येतो, साधारण पाच महिन्यांच्या आत, पण तो मंजूर होईपर्यंत जी झोप उडते ती मी माझ्या रूममेटची बघितली आहे.

"कॅशमध्ये देतात रे, कोणाला कळतंय"

सेम चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास, बस. लायब्ररीत १२ आणि मेसमध्ये १० असे दोन जॉब धरलेत तर ते २२ झाले, हे आपल्याला कळत नाही पण पे-रोलला कळतं. कॅम्पसबाहेर गॅस स्टेशन किंवा इंडियन रेस्टॉरंटमध्ये कॅशवर काम करणारे पुष्कळ भेटतील, तुम्हालापण बोलावतील, एजुकेशन लोनचा हप्ता आठवून हो म्हणावंसंही वाटेल. नको. पुढे एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डच्या वेळी परवानगीशिवाय काम केलंय का हा प्रश्न येतो आणि तिथे खोटं बोलणं हा आणखी वेगळा गुन्हा.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. फुल-टाइम सीपीटी (शिकत असताना इंटर्नशिपसाठी मिळणारी कामाची परवानगी) एकूण १२ महिने किंवा जास्त झाली की त्या डिग्रीवरची ओपीटी (डिग्रीनंतर नोकरी करायची परवानगी) मिळत नाही. इंटर्नशिप वाढवून देतोय म्हणून खूष होऊन सही करण्याआधी महिने मोजा.

टॅक्स

एक डॉलर कमावला नसेल तरी आयआरएसचा (तिकडचं इन्कम टॅक्स खातं) फॉर्म ८८४३ भरायचाच. पगार असेल तर १०४०-एनआर हा नॉन-रेसिडेंटचा रिटर्न, बहुतेक वेळा १५ एप्रिलपर्यंत. इथे नव्वद टक्के पोरं (माझा अंदाज, मोजायला गेले नाही) रूममेटचं बघून टीव्हीवर जाहिरात येते तसल्या सॉफ्टवेअरमध्ये साधा १०४० भरून टाकतात, तो रेसिडेंट लोकांसाठी असतो. मीपण पहिल्या वर्षी तेच केलं, रिफंड जास्त आला म्हणून पिझ्झापण खाल्ला आणि नंतर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून पैसे परत केले. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका टॅक्स कराराच्या कलम २१(२) प्रमाणे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, ते घ्यायला विसरू नका. आणि पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के सहसा कापायचे नसतात, पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) कापलेले दिसले तर आधी एम्प्लॉयरकडे मागा, तो ऐकेना तर फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे.

"आयआरएसमधून बोलतोय, गिफ्ट कार्ड घेऊन नंबर सांगा" असा फोन आला तर ठेवून द्या. आयआरएस आधी पत्र पाठवतं.

लायसन्सच्या खिडकीवरचा प्रश्न

लायसन्स काढताना फॉर्मवर किंवा मशीनवर मध्येच विचारतात, मतदार म्हणून नाव नोंदवायचं का. रांगेत उभं राहून कंटाळलेला माणूस येस-येस करत जातो. इथे 'नो'. कॅम्पसवर पॅड घेऊन फिरणारी गोड मुलं विचारतील त्यांनापण 'नो'. सिटिझन नसताना सिटिझन असल्याचं लिहून देणं म्हणजे इमिग्रेशनमध्ये जवळजवळ न पुसता येणारा डाग.

तसंच गांजाचं. कॅलिफोर्नियात, न्यूयॉर्कमध्ये दुकानात गांजाच्या गोळ्या-चॉकलेटं (गमीज) राजरोस मिळतात, पण फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यात ते बेकायदाच आणि तुमचा व्हिसा फेडरल आहे. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर नुसत्या अटकेवरसुद्धा व्हिसा रद्द होऊ शकतो.

असाइनमेंट "बघायला" देणं

आपल्याकडे जर्नल एकाने लिहायचं आणि वर्गाने उतरवायचं ही परंपरा. तिकडे देणारा आणि घेणारा दोघं अडकतात. प्रोग्रॅमिंगच्या कोर्सला 'मॉस' नावाचं कॉपी पकडणारं टूल १९९४ पासून आहे, व्हेरिएबलची नावं बदलून त्याला फसवता येत नाही. अडलं तर प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना जा, तिथे कोणी ओरडत नाही, खरं तर कोणी गेलं की त्यांना बरं वाटतं. "आय हॅव अ डाउट" मात्र म्हणू नका, त्यांना वाटतं तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही. क्वेश्चन म्हणा.

बाकीचं भराभर

दात भारतातूनच दाखवून या, स्टुडंट इन्शुरन्समध्ये दात बहुतेक वेळा नसतात. ताप-खोकल्याला इमर्जन्सी रूममध्ये जाऊ नका, आधी कॅम्पसचं हेल्थ सेंटर, ते बंद असेल तर अर्जंट केअर, आणि जाण्याआधी 'इन-नेटवर्क' (तुमच्या इन्शुरन्सच्या यादीतलं) आहे का ते बघा, नाहीतर बिल बघून ताप परत चढेल.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात, निघण्याआधी रोमिंग चालू करा. आणि तुमचं साधं सेव्हिंग अकाउंट एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यायचं असतं, फेमा या परकीय चलन कायद्याच्या हिशोबात शिकायला गेलेलाही अनिवासीच.

घराचा ताबा घेतला त्याच दिवशी भिंती, कार्पेट, फ्रिजचा आतला भाग यांचा व्हिडिओ काढून मालकाला मेल करा, डिपॉझिट परत घेताना तोच कामाला येतो. घर न बघता झेलवरून (तिकडचं पैसे पाठवायचं ॲप) ॲडव्हान्स कोणालाही पाठवायचा नाही, कितीही मराठी नाव असू दे.

फोडणीचं सांगायलाच हवं. मोहरी तडतडली, वर मिरची पडली, आणि स्मोक अलार्म. आमची अख्खी बिल्डिंग जानेवारीच्या बर्फात खाली उभी, फायर इंजिन आलं, आणि सगळ्यांच्या मध्ये मी हातात झारा घेऊन. अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा सल्ला सीनियरच देतो, ते लीजच्या विरुद्ध आहे आणि खरी आग लागली तर मराल. चिमणी आणि खिडकी आधी उघडायची, तेल मध्यम आचेवर, झाकण हाताशी.

आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, म्हणजे ईस्ट कोस्ट आणि भारतातला फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो. हे घरी आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं, आणि रोजच्या वेळेला फोन आला नाही म्हणून बाबांनी माझ्या रूममेटच्या वडिलांना सातारला फोन लावला होता.