पॅराग्लायडिंगच्या एक्ससीला (लांब पल्ल्याच्या उड्डाणाला) निघताय? आधी खालच्या माणसाशी सगळं ठरवून घ्या

कामशेतच्या टॉवर हिलवर बघा, जवळपास प्रत्येकाच्या कॉकपिटवर (पायलटसमोरच्या उपकरणांच्या पाउचवर) एक्ससीट्रॅक हे उड्डाणाचं अ‍ॅप चालू असतं, व्हेरिओही (चढ-उतार दाखवणारं यंत्र) चांगलातला असतो, पण खाली जीप घेऊन थांबलेल्या माणसाकडे त्याच्या लाइव्ह ट्रॅकिंगची लिंक आहे का विचारलं तर बरेचदा नसते. तुम्ही कुठे आहात हे फक्त तुमच्याच फोनला माहीत असेल तर शोधायला कोण येणार?

टेकऑफच्या आधीच लाइव्ह ट्रॅकिंग सुरू करा आणि लिंक खालच्या माणसाच्या फोनवर उघडतेय ना ते स्वतः बघा. जोडीला व्हॉट्सॅपचं लाइव्ह लोकेशन ८ तासांवर लावा. फोनच्या जीपीएसला नेटवर्क लागत नाही पण लोकेशन दुसऱ्याला पोचवायला लागतं, आणि पवनेच्या बाजूला डोंगराआड गेलात की रेंज जाते, त्यामुळे ट्रॅक थांबला म्हणजे माणूस पडला असं नाही. म्हणून वेळ ठरवा. आम्ही एक तास धरतो. शेवटचा पॉइंट हलल्यापासून तासाभरात "उतरलो, ठीक आहे" मेसेज नाही, फोन नाही, रेडिओवर उत्तर नाही, तर जीप निघते आणि सोबतच ११२ ला फोन जातो. कुणी पडताना दिसलं असेल तर अर्थातच तास वगैरे बघायचा नाही.

आता आकडे, इथे खरी गडबड होते. कामशेत साधारण १८.७६ उत्तर, ७३.५६ पूर्व. हा ७३.५६ कुणी फोनवर ऐकून ७३ अंश ५६ मिनिटं असा लिहून घेतला तर जीप जवळपास ४० किलोमीटर पूर्वेला, चाकणच्याही पुढे जाऊन शोधत बसेल. त्यामुळे सगळ्यांच्या उपकरणांवर एकच फॉरमॅट ठेवा, डेसिमल डिग्री, दशांशानंतर पाच आकडे, आणि तोंडी सांगण्यापेक्षा एसएमएस करा, इंटरनेट नसलं आणि रेंज अगदी कमी असली तरी तो बरेचदा निघून जातो. सोबत गावाचं नाव, जवळचं देऊळ किंवा शाळा लिहा. शेतातल्या माणसाला विचारायचं, "दादा, ही कुठली वाडी?" आणि चालत रस्त्यावर आलात तर नवीन पिन टाका, नाहीतर जीपवाला बिचारा रिकाम्या शेतात जाऊन हाका मारतो.

शेवटचा पॉइंट वाचतानाही नुसता नकाशावरचा ठिपका बघू नका, उंची बघा. जमिनीपासून ५०० मीटर वर असताना ट्रॅक तुटला असेल तर आठास एक ग्लाइडने (१ मीटर खाली येताना ८ मीटर पुढे) वारा नसतानाही ग्लायडर ४ किलोमीटर लांब जाऊ शकतो, वाऱ्याच्या दिशेने अजून जास्त. उंची जमिनीच्या जवळपास असेल तर सरळ त्या ठिपक्यावर जा.

हवेत असताना ग्राउंडस्पीडवर लक्ष असू द्या. ट्रिमला (ब्रेक किंवा स्पीडबार न वापरता) ग्लायडर साधारण ताशी ३६-३८ किलोमीटरने उडतो, वाऱ्याकडे तोंड केल्यावर स्क्रीनवर ८-१० दिसायला लागले तर वारा २५च्या वर गेलाय, अजून वाढायच्या आत मोकळं मैदान बघून उतरा. पुण्याकडे जाताना लोहगाव विमानतळाची एअरस्पेस (विमानांसाठी राखलेला हवाई भाग) नकाशात लोड केलेली पाहिजेच. विजेच्या तारा मात्र कुठलंही अ‍ॅप भरवशाने दाखवत नाही, त्या डोळ्यांनीच शोधायच्या.

बाहेरून येणाऱ्या मित्रांना एक आधीच सांगून ठेवा, गार्मिन इनरीच (सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं उपकरण) किंवा सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे, एअरपोर्टवर लोकांना ताब्यात घेतलंय. हिमाचलमधल्या बीरला उडायला जाणाऱ्यांनाही हेच लागू, तिथे धौलाधारच्या आत रेंज नसते म्हणून जोडीने उडा आणि रेडिओ चार्ज ठेवा.

बॅटरीचं म्हणाल तर पॉवर बँक हार्नेसमध्ये (पायलटच्या बैठकीत), केबल टेकऑफच्या आधीच जोडलेली. आणि सुखरूप उतरलात की ग्लायडर लगेच गोळा करा, पसरलेला दिसला की वरच्या पायलटला वाटतं खाली कुणाला तरी लागलंय. खरंच लागलं असेल तर तो तसाच पसरलेला राहू द्या.