एकट्याने राहणाऱ्यांसाठी: म्हातारपणीचं घर कसं निवडावं

रात्री दोन वाजता बाथरूममध्ये पडलो, तर कोण येईल, किती मिनिटांत येईल आणि आत कसं शिरेल? साठीनंतर एकट्याने राहायचं घर निवडताना हा प्रश्न आधी सोडवा. हवा, बाग, मंडई हे सगळं त्यानंतर.

सुरुवात स्वतःपासून करा. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीने 3 मीटर जा, वळा, परत येऊन बसा. कुणाला तरी वेळ मोजायला सांगा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मग लिफ्ट नसलेला दुसरा-तिसरा मजला यादीतून काढून टाका. आज जिना चढता येतो हे पुरेसं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्याच जिन्यापायी दीड-दोन महिने घरात अडकाल.

राहतं घर सोडण्याआधी ते सुधारता येतं का पाहा. खरी अडचण बाथरूमची असते. जुन्या फ्लॅटमध्ये हे दार अडीच फुटांचं, कधी त्याहून अरुंद, आणि आत उघडणारं असतं. माणूस आत पडला की त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला आलेल्याला ते ढकलता येत नाही. सुताराकडून दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्या, आतली कडी काढा आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक बसवा. कमोडची बैठक जमिनीपासून 45 ते 48 सेंटिमीटर हवी. शेजारच्या भिंतीत आधाराची दांडी लावा, पण टाइल ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर स्क्रू तिथे धरणार नाही, नेमका भार पडल्यावर निघून येईल. टॉवेलच्या रॉडला धरून उठायची सवय असेल तर ती आजच मोडा. नवं घर घेत असाल तर दारं 90 सेंटिमीटर रुंद आहेत का, ते टेप लावून मोजा. महारेराने (राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरील नियामक संस्थेने) 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही किमान हीच रुंदी आहे.

जादा किल्ली शेजारी ठेवणारे बरेच जण रात्री आतून कडी लावून झोपतात. मग त्या किल्लीचा काही उपयोग नाही. बाहेरून किल्लीने उघडणारं चांगलं लॅच बसवा, रात्री तेवढंच लावून झोपा, आणि किल्ल्या दोन वेगवेगळ्या घरांत द्या.

चोवीस तास सीटी स्कॅन चालू असलेलं हॉस्पिटल किती लांब आहे, ते संध्याकाळी सातच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षाने जाऊन बघा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी स्कॅन लागतोच.

मुंबईतून निवृत्त होऊन कोकणातल्या घरी परतायचं मनात असेल, तर मे महिन्यात ठरवू नका. आषाढ-श्रावणात महिनाभर एकट्याने राहून पाहा. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वीज दोन-दोन दिवस जाते, फोनची रेंज जाते. घरापासून गाडीरस्त्यापर्यंत पाखाडीच्या पायऱ्या किती ते मोजा, कारण 108 ची गाडी खालीच थांबणार आणि तिथवर कुणीतरी तुम्हाला उचलून न्यायचं आहे. वाडीत गणपती-शिमग्याखेरीज राहणाऱ्या चार तरण्या माणसांची नावं कागदावर लिहा. चार भरत नसतील, तर तालुक्याच्या गावात भाड्याची जागा बघा आणि गावचं घर सणासुदीला उघडा.

शहरात जुन्या सोसायटीत घर घेताना पुनर्विकासाचं विचारा, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागा. 51 टक्के सभासदांच्या संमतीने तो होऊ शकतो, आणि मग पंचाहत्तरीत तीन-चार वर्षं भाड्याच्या घरांत काढावी लागतात.

ज्येष्ठ निवासात जागा घेताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि करार वाचा. तुम्ही अंथरुणाला खिळलात किंवा स्मृतिभ्रंश झाला तर तिथेच ठेवतात की जायला सांगतात? बहुतेक भांडणं इथेच होतात, म्हणून उत्तर लेखी घ्या. अनामत किती दिवसांत आणि किती कापून परत मिळते? मासिक खर्च दरवर्षी 7 टक्के वाढला तर साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. नव्वदीपर्यंत हिशेब करून मगच सही करा. जेवणाच्या वेळी, न कळवता एकदा जा आणि तिथल्या रहिवाशांशी बोला.

पुतण्या किंवा भाची सांभाळेल म्हणून घर बक्षीसपत्राने देत असाल, तर सांभाळ करण्याची अट त्याच दस्तात लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली, सांभाळ झाला नाही तर, असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर खटला अवघड जातो. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्र वेगळं करा.

नव्या जागी किमान वर्षभर राहून होईपर्यंत जुनं घर विकू नका. 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर द्या, लॉक-इन काळ (ज्यात करार मोडता येत नाही) ठेवू नका, आणि एक महिन्याच्या नोटिशीने घर रिकामं मिळेल असं कलम घालून घ्या.